भारतात निघताना शेड आणि गॅरेजकडे बघा

ब्रिटनमध्ये नव्याने आलेलं मराठी कुटुंब पहिल्या दोन-तीन वर्षांत पुढच्या दाराला चांगलं कुलूप बसवतं, दागिन्यांची सोय लावतं, पासपोर्ट आणि व्हिसाची कागदपत्रं एका फायलीत नीट ठेवतं. मागच्या अंगणातल्या लाकडी शेडला मात्र आधीच्या भाडेकरूने सोडलेलं गंजकं कुलूप तसंच असतं. त्या शेडमध्ये मुलांच्या सायकली, गवत कापायचं यंत्र, ड्रिल, शिडी, कुदळ, फावडं असतं. गॅरेज असेल तर दुसरा फ्रीझर, तांदळाच्या पिशव्या, भारतातून आणलेल्या रिकाम्या बॅगा आणि गणपतीचं मखर. उन्हाळ्यात शाळांना सहा आठवड्यांची सुट्टी लागली की सगळे पुण्याला, नागपूरला, कोल्हापूरला निघतात आणि ते सगळं सामान महिनाभर दोन-चार स्क्रूंच्या भरवशावर राहतं.

हे टिपण स्लाऊ, रेडिंग, मिल्टन कीन्स, लीड्स आणि एडिंबरा इथे बरीच वर्षं स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या सांगण्यावरून तयार केलं आहे. यातल्या काहींचं स्वतःचं शेड फुटलं होतं, काहींच्या शेजाऱ्यांचं. एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत दिसलं. सायकल गेली तर दुसरी घेता येते. पण त्याच शेडमधली शिडी आणि कुदळ हाती आली की चोर घराच्या मागच्या दाराशी अवजारांसह उभा असतो, आणि घर बंद आहे हे कळलं असेल तर त्याला घाईही नसते. म्हणून घराची राखण मागच्या कुंपणापासून सुरू करायची, आणि तीही तिकिटं काढल्या काढल्या. विमानतळावर निघायच्या आदल्या रात्री यातलं काहीच होत नाही.

आधी बिजागऱ्या, मग कुलूप

लीड्समधल्या एका कुटुंबाने शेडचा फोटो जपून ठेवला आहे. नवं कोरं, जाडजूड कुलूप बंद आहे, कोयंडा जागच्या जागी आहे, आणि दार दुसऱ्या बाजूने उघडून कुलपावरच लटकलं आहे. चोराने कुलपाला हातही लावला नव्हता. बाहेरून दिसणाऱ्या बिजागऱ्यांचे स्क्रू साध्या स्क्रू ड्रायव्हरने काढले आणि खिडकीच्या कडेला ओळीने मांडून ठेवले. आवाज नाही, तुटफूट नाही. शेजाऱ्यांना दोन दिवस काही कळलंच नाही.

बी अँड क्यूमध्ये किंवा बागेच्या दुकानात तयार मिळणारी बहुतेक स्वस्त शेड अशीच बांधलेली असतात. बिजागरी बाहेर, स्क्रू बाहेर, आणि कडी-कोयंडाही छोट्या स्क्रूंनी पातळ फळीवर बसवलेला. यावर उपाय सोपा आणि स्वस्त आहे. बिजागरीच्या आणि कोयंड्याच्या प्रत्येक पट्टीतले निदान दोन स्क्रू काढून तिथे कोच बोल्ट घालायचे. त्याचं डोकं गोल आणि गुळगुळीत असतं, बाहेरून त्याला काही लावून फिरवता येत नाही. बोल्ट फळीतून आरपार जातो आणि आतल्या बाजूला मोठ्या वायसरवर नट आवळला जातो. फळी पातळ असेल तर आतून लोखंडी पट्टी किंवा टणक लाकडाचा तुकडा लावून त्यावर नट घ्या, नाहीतर पहारीच्या एका हिसक्यात बोल्टासकट फळी बाहेर येते. स्क्रूफिक्ससारख्या अवजारांच्या दुकानात हे सगळं काउंटरवर मिळतं. ड्रिल वापरायची सवय असेल तर एका शनिवारचं काम आहे.

कडी-कोयंडा घेताना एवढं बघा, की कडी बंद झाल्यावर तिची पट्टी सगळ्या स्क्रूंना झाकते का. झाकत नसेल तर तो घेऊ नका. कुलूप असं घ्यावं की ज्याच्या दांडीच्या दोन्ही बाजूंना धातूचे खांदे वर आलेले असतात आणि दांडी जेमतेम दिसते. कुलूप कापायची मोठी कात्री तिथे शिरत नाही. कुलपावर ‘सोल्ड सिक्युअर’चा शिक्का आहे का तेही पाहा. १९९२ पासून ही संस्था कुलपं आणि साखळ्या तोडून तपासते आणि ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड अशा श्रेणी देते. सायकलींच्या बाबतीत काही विमा कंपन्या या श्रेणीचा उल्लेख पॉलिसीतच करतात. शक्य असेल तर एका कुलपावर न भागवता दाराच्या वरच्या आणि खालच्या तिसऱ्या भागात एकेक लावा. मधोमध एकच कुलूप असलं की दाराचा खालचा कोपरा वाकवून हात आत घालता येतो.

हे सगळं करण्याआधी जमिनीलगतच्या फळीत स्क्रू ड्रायव्हरचं टोक दाबून बघा. इथल्या ओलीने लाकूड आतून कुजतं आणि वरून रंग शाबूत दिसतो. टोक सहज रुतलं तर आधी ती फळी बदला. कुजलेल्या लाकडावर महागडं कुलूप लावणं म्हणजे पैसे वाया.

खिडकी असलेलं शेड शक्यतो नकोच. असेलच तर काचेला अपारदर्शक फिल्म चिकटवा आणि आतून लोखंडी जाळी मारा. संध्याकाळी बाहेर उभं राहून टॉर्च मारून बघा, काय काय दिसतं ते. आपल्याला दिसतं ते चोरालाही दिसतं.

आता आत. सगळ्यात महाग वस्तू, बहुधा सायकल, जमिनीला बांधायची. काँक्रीटच्या तळात बसवायचा पोलादी कडा मिळतो, त्याला ग्राउंड अँकर म्हणतात. शेडचा तळ लाकडी असेल तर तो कडा खालच्या काँक्रीटपर्यंत न्या, किंवा शेडच्या चौकटीला आरपार बोल्टने बसणारा कडा घ्या. साखळी सायकलच्या फ्रेममधून आणि चाकातून घेऊन तीच पुढे गवताच्या यंत्रातून ओवा. शिडी भिंतीवर आडवी टांगून तिलाही कुलूप. कुदळ, पहार, मोठे पाने हे लांब सुट्टीला जाताना सरळ घरात आणून ठेवा. कोणी म्हणेल, दिवाणखान्यात कुदळ कशाला? महिनाभर तिथे बसणार कोण आहे!

आणि एक कळकळीची विनंती. दागिने शेडमध्ये, गॅरेजमधल्या फ्रीझरमध्ये किंवा पिठाच्या डब्यात लपवू नका. बऱ्याच मराठी आणि गुजराती घरांत ही पद्धत आहे, आणि ती चोरांनाही माहीत झालेली आहे. दिवाळीच्या सुमारास इथले पोलीस भारतीय वस्त्यांमध्ये सोन्याच्या चोरीबद्दल मुद्दाम सूचना देतात. बहुतेक मोठ्या बँकांनी लॉकर देणं बंद केलं असलं तरी शहरांमध्ये खाजगी लॉकरची सोय आहे. तिथे ठेवा, आणि दागिन्यांचे फोटो व पावत्या सोबत न्या.

गॅरेजचं दार

इथल्या जुन्या गॅरेजना वर उचलून आत सरकणारं पत्र्याचं दार असतं. मधल्या मुठीत किल्ली फिरवली की ते बंद झाल्यासारखं वाटतं. खरं तर त्या मुठीमागे दोन तारा असतात आणि त्या बाजूच्या खिट्ट्या ओढतात. पत्रा जरा वाकवला की तार हाताशी येते. म्हणून दाराच्या दोन्ही खालच्या कोपऱ्यांत आतून किंवा बाहेरून वेगळे बोल्ट बसवा, किंवा दारासमोर जमिनीत बसणारा, टी आकाराचा पोलादी अडसर लावा. त्याला इथे ‘गॅरेज डिफेंडर’ म्हणतात. तो लावला की दार बाहेर येऊच शकत नाही. शिवाय तो रस्त्यावरूनच दिसतो, ही त्याची जमेची बाजू.

विजेवर चालणाऱ्या दाराची गोष्ट वेगळी. त्याचा रिमोट बहुतेक जण गाडीत उन्हाच्या झडपेला अडकवून ठेवतात. गाडी दारात उभी, रिमोट गाडीत, आणि मालक मुंबईत. गाडीची काच फोडणाऱ्याला मग गॅरेजही आपोआप उघडून मिळतं. जाताना रिमोट घरात घ्या आणि मोटारीचा प्लग काढून ठेवा. वीज नसताना दार उघडण्यासाठी आत एक दोरी लोंबत असते. काही दारांत वरच्या फटीतून वाकडी तार घालून ती दोरी ओढता येते. दार बसवणाऱ्याकडून तिला आवरण लावून घ्या.

गॅरेज घराला जोडून असेल आणि आतून स्वयंपाकघरात उघडणारं दार असेल, तर त्या दाराला मुख्य दाराच्या तोडीचं कुलूप हवं. मुख्य दाराला लागू पडणारं ब्रिटिश मानक बीएस ३६२१ आहे. लाकडी दारात बसणाऱ्या पाच लीव्हरच्या कुलपावर तो आकडा कोरलेला असतो. गॅरेजमध्ये शिरलेला माणूस रस्त्यावरून दिसत नाही. आतलं दार फोडायला त्याच्याकडे हवा तेवढा वेळ असतो, आणि अवजारं तुमचीच. हे दार किती घरांत साध्या खिट्टीवर असतं ते तुमच्या मित्रमंडळींकडे गेल्यावर बघा.

१९६०–७० च्या दशकांत बांधलेल्या वस्त्यांमध्ये गॅरेजांची रांग घरापासून दूर, आडबाजूला असते. तिथे मौल्यवान काही ठेवू नये, हे सगळ्याच जुन्या कुटुंबांचं मत आहे. तिथे रात्रीचं कोणी फिरकत नाही. शिवाय घराच्या आवाराबाहेरचं गॅरेज तुमच्या पॉलिसीत धरलेलं आहे की नाही हे विचारल्याशिवाय कळत नाही.

मेन स्विच बंद करून जाऊ नका

गावी जाताना गॅस बंद, नळ बंद, मेन स्विच बंद, ही आपल्या अंगात मुरलेली शिस्त. महाराष्ट्रात ती योग्यच आहे. इथे मेन स्विच बंद केला की राउटर बंद, म्हणजे कॅमेरे आंधळे. घराच्या अलार्मची बॅटरी काही काळ चालते आणि मग संपते. टायमरवरचे दिवे लागत नाहीत. हिवाळा असेल तर हीटिंग बंद पडून पाइप गोठतात आणि फुटतात, ते नुकसान चोरीपेक्षा मोठं. पाण्याचा मुख्य नळ जरूर बंद करा, पण वीज चालू ठेवा. हिवाळ्यात हीटिंग किती अंशांवर ठेवायचं हे बऱ्याच पॉलिसींमध्ये लिहिलेलं असतं, तेवढं ठेवा.

शेडसाठी बॅटरीवर चालणारा छोटा अलार्म मिळतो. आत कोणी हललं की तो कर्कश ओरडतो. किमतीच्या मानाने याच्याइतकी उपयोगी वस्तू दुसरी नाही असं रेडिंगच्या एका घराने ठामपणे सांगितलं, कारण शेड फोडणाऱ्याला सगळ्यात जास्त भीती आवाजाची असते. निघायच्या आठवड्यात बॅटरी बदला. सेन्सरसमोरची कोळिष्टकं झाडा, कारण इथे शरद ऋतूत कोळी फार होतात आणि अलार्म विनाकारण वाजवतात. तो बंद कसा करायचा हे शेजाऱ्यांना दाखवून ठेवा. रात्रभर वाजणाऱ्या अलार्मने शेजारधर्म टिकत नाही.

कॅमेऱ्याबद्दल नियम आहेत. तुमच्या कॅमेऱ्यात फक्त तुमचं आवार येत असेल तर प्रश्न नाही. शेजाऱ्यांची बाग किंवा रस्ता येत असेल तर ब्रिटनचा डेटा संरक्षण कायदा लागू होतो. गाडी चोरण्याचा प्रयत्न झाल्यावर दारावर आणि आवारात कॅमेरे लावलेल्या एका घरमालकाविरुद्ध २०२१ मध्ये ऑक्सफर्डच्या काउंटी कोर्टाने निकाल दिला. त्या उपकरणांत शेजाऱ्यांचं बोलणं दूरवरून टिपलं जात होतं, ते गैर ठरलं. तेव्हा कॅमेरा शेडच्या दाराकडे वळवा, आवाजाची नोंद बंद करा, आणि लावण्याआधी शेजाऱ्यांना सांगा. हिवाळ्यात भारत इथल्यापेक्षा साडेपाच तास पुढे असतो. इथल्या रात्री दोनची सूचना पुण्यात सकाळी साडेसातला येते, तेव्हा घरातलं कोणी ना कोणी जागं असतं. मात्र ती बघितल्यावर फोन कोणाला करायचा, हे आधी ठरलेलं पाहिजे.

कुंपण आणि काटे

आपल्याकडे आवाराच्या भिंतीवर फुटक्या काचा लावतात. इथे ते करू नका. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८४ च्या कायद्याने घरमालकावर न बोलावता आलेल्या माणसाच्या सुरक्षिततेचीही काही जबाबदारी टाकली आहे. रस्त्यालगत काटेरी तार इजा करील अशी असेल तर ती काढायला लावता येते. त्यापेक्षा पोलीसच सुचवतात तो उपाय आपल्या ओळखीचा आहे. आपल्या शेतकऱ्यांनी बांधावर निवडुंग आणि सागरगोटा लावला, तसं इथे मागच्या कुंपणालगत पायराकँथा किंवा बर्बेरिस लावा. पायराकँथाचे काटे लांब आणि टणक असतात, वसंतात त्याला पांढरी फुलं येतात, शरदात केशरी फळांचे घोस लागतात आणि पक्षी येतात. दोन-तीन वर्षांत तो दाट होतो.

इंग्लंडमध्ये मागचं कुंपण साधारणपणे २ मीटरपर्यंत परवानगीशिवाय उभारता येतं, रस्त्यालगत ही मर्यादा १ मीटर आहे. २ मीटरच्या आत बसेल अशी वर पातळ लाकडी जाळी लावली तर तिच्यावर चढणाऱ्याचं वजन पेलत नाही, ती मोडते आणि आवाज होतो. पुढची झाडं मात्र छाटून ठेवा. पुढे आडोसा असला की त्याचा फायदा चोरालाच. बाजूच्या बोळातल्या फाटकाला वर आणि खाली अशा दोन खिट्ट्या आणि एक कुलूप असावं. कचऱ्याचे चाकांचे डबे फाटकाच्या आत ठेवा. त्यांच्यावर पाय ठेवून गॅरेजच्या छपरावर जाता येतं.

किलो शिल्लक आहेत का?

आपण गावाला चाललोय हे चोराला कोण सांगतं? बहुतेक वेळा आपणच. शहरातल्या मराठी व्हॉट्सॲप गटात रोज कोणीतरी लिहितं, ‘अमुक तारखेला हीथ्रोहून मुंबई, परत अमुक तारखेला, बॅगेत पाच किलो शिल्लक आहेत.’ ही मोठी मदतीची चाल आहे. औषधं, कागदपत्रं, आईने केलेलं लोणचं असंच येतं-जातं. पण शेकडो सदस्यांच्या गटात सगळे आपल्या ओळखीचे नसतात, आणि त्या एका ओळीत जाण्याची तारीख, येण्याची तारीख आणि फोन नंबर असं सगळं असतं. किलो जरूर द्या, पण तारखा खाजगी संदेशात सांगा. विमानतळावरचे फोटो परत आल्यावर टाका, मुलांनाही तेच सांगा.

याच गटांत दरवर्षी आणखी एक संदेश फिरतो, की चोर घराबाहेर खडूने खुणा करतात आणि प्रत्येक खुणेला अर्थ असतो. फुटपाथवर दिसणाऱ्या रंगीत खुणा बहुधा पाणी, गॅस आणि केबलवाल्यांच्या असतात. तो संदेश पुढे पाठवण्यात वेळ घालवू नका. चोराला खुणांची गरज पडत नाही. कचरा उचलून नेल्यावर दोन दिवस रस्त्यावरच राहिलेला डबा, दाराच्या फटीत अडकलेली पत्रकं, वाढलेलं गवत, बर्फ पडल्यावर एकही पाऊल न उमटलेली वाट, यांवरून त्याला कळतं.

या सगळ्यावर उपाय एकच, शेजारी. ब्रिटनमध्ये नेबरहूड वॉच १९८२ साली चेशायरमधल्या मॉलिंग्टन गावात सुरू झालं, आज देशभर त्याच्या शाखा आहेत. तुमच्या गल्लीत असेल तर नाव नोंदवा. नसेल तरी डावी-उजवीकडच्या आणि मागच्या घराशी ओळख हवीच, आणि ती जायच्या आदल्या दिवशी दार वाजवून होत नाही. दिवाळीत चकली-शंकरपाळ्यांचा डबा घेऊन जा. आत शेंगदाणे, काजू, तीळ काय काय आहे ते कागदावर लिहून द्या, इथे ॲलर्जीचा प्रश्न गंभीर असतो. त्यांच्या सुट्टीत त्यांची मांजर, त्यांची झाडं तुम्ही सांभाळा. मग तुमच्या वेळी त्यांना कचऱ्याचा डबा आत-बाहेर करायला, पार्सल उचलायला, त्यांची दुसरी गाडी तुमच्या दारात उभी करायला आनंदच वाटतो. गवत कापून द्यायला कोणी तयार असेल तर यंत्र घराच्या जवळच्या भागात काढून ठेवा, म्हणजे शेडची किल्ली फिरवावी लागत नाही. किल्ली कुंडीखाली ठेवू नका, माणसाच्या हातात द्या. टपालासाठी रॉयल मेलची ‘कीपसेफ’ सेवा आहे. ठरावीक शुल्क भरलं की ते १०० दिवसांपर्यंत तुमची पत्रं अडवून ठेवतात. इतर कुरियरना ती लागू नाही.

विम्याचे तीस दिवस

नवीन कुटुंबांना सगळ्यात महाग पडतो तो हा मुद्दा. इथल्या बऱ्याच घरविम्यांमध्ये घर सलग ३० दिवसांपेक्षा जास्त रिकामं राहिलं तर चोरी आणि पाण्याच्या नुकसानीचं संरक्षण थांबतं किंवा कमी होतं. काही कंपन्या ६० दिवस देतात. आपली उन्हाळ्याची फेरी पाच-सहा आठवड्यांची असते, म्हणजे नेमके शेवटचे दिवस उघड्यावर. निघण्याआधी कंपनीला फोन करून तारखा सांगा आणि मुदत वाढवून घ्या. बऱ्याचदा थोडे जादा पैसे घेऊन किंवा ‘आठवड्यातून एकदा कोणीतरी घर बघेल’ अशा अटीवर ती वाढवून मिळते. उत्तर ईमेलवर मागा. शेजारी नुसता बघून जातो म्हणून घर ‘राहतं’ ठरेल असं गृहीत धरू नका.

त्याच फोनवर आणखी तीन गोष्टी विचारा. शेड आणि गॅरेजमधल्या सामानाला वेगळी मर्यादा आहे का? ती बहुधा असतेच, आणि घरातल्या सामानापेक्षा बरीच कमी असते. एका वस्तूची कमाल रक्कम किती? इलेक्ट्रिक सायकल त्या मर्यादेत मावत नाही, तिची वेगळी नोंद करावी लागते. आणि दार मोडून आत शिरल्याची खूण असल्याशिवाय पैसे मिळतात का? बऱ्याच पॉलिसींत मिळत नाहीत, म्हणजे उघड्या राहिलेल्या शेडमधून गेलेलं सामान गेलंच. अलार्म आहे असं तुम्ही अर्जात लिहिलं असेल तर तो लावून जा. अर्जातली माहिती खरी द्यायची जबाबदारी २०१२ च्या कायद्याने ग्राहकावर आहे.

नुकतेच आलेले बहुतेक जण भाड्याच्या घरात असतात. घरमालकाचा विमा इमारतीचा असतो, तुमच्या सायकलीचा नसतो. सामानाचा विमा तुम्हालाच काढावा लागतो. शेडच्या दाराला भोकं पाडण्याआधी लेटिंग एजंटला लिहून परवानगी घ्या, नाहीतर घर सोडताना डिपॉझिटमधून पैसे कापले जातील. परवानगी बहुधा मिळते, कारण चांगला कोयंडा घरमालकाच्याही फायद्याचा असतो.

मराठी मंडळाच्या कार्यकर्त्यांसाठी एक वेगळी सूचना. गणेशोत्सवाचं मखर, समया, ध्वनिक्षेपक, ढोल-ताशे, मोठी पातेली ही मंडळाची मालमत्ता वर्षानुवर्षं कोणाच्या तरी गॅरेजमध्ये राहते. ज्याचं गॅरेज तो प्रेमाने सांभाळतो, पण त्याच्या घरविम्यात संस्थेचं सामान बहुधा धरलेलं नसतं. चोरी झाली की पैशांपेक्षा मनं जास्त दुखावतात. मंडळाने सामानाची यादी करावी, फोटो काढावेत, मंडळाच्या नावाने विमा घ्यावा, आणि ज्याच्याकडे सामान आहे तो सुट्टीला चालला की दुसऱ्या कोणीतरी त्या गॅरेजवर लक्ष ठेवायची जबाबदारी घ्यावी. समितीच्या बैठकीत हा विषय एकदा तरी मांडाच.

नोंद, आणि चोरी झालीच तर

सायकलीचा फ्रेम नंबर बहुधा पॅडलच्या खाली, फ्रेमच्या तळाशी कोरलेला असतो. सायकल उलटी करून त्याचा फोटो काढा आणि ‘बाइकरजिस्टर’वर नोंदवा. सापडलेल्या सायकली तपासताना इथले पोलीस ती यादी वापरतात. इतर वस्तूंसाठी ‘इमोबिलाइज’ आहे. ड्रिल आणि यंत्रांवर पोस्टकोड आणि घर नंबर ठळक रंगाने लिहा. दिसायला वाईट दिसतं, पण तशी वस्तू विकायला अवघड जाते. सीरियल नंबर आणि पावत्यांचे फोटो फोनबरोबर ईमेलमध्येही ठेवा.

तुम्ही भारतात असताना चोरी झाली तर ९९९ किंवा १०१ फिरवून उपयोग नाही. भारतात १०१ म्हणजे अग्निशमन दल. चोर अजून आवारात असेल तर इथल्या शेजाऱ्याने ९९९ फिरवायचा, होऊन गेली असेल तर १०१. तुम्ही स्वतः पोलीस दलाच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवू शकता, परदेशातून लावायचा नंबरही बहुतेक दलांच्या संकेतस्थळावर असतो. तो निघण्याआधीच फोनमध्ये साठवा. तक्रारीचा क्राइम रेफरन्स नंबर मिळाल्याशिवाय विमा कंपनी पुढे सरकत नाही. शेजाऱ्याला शेडमधलं काही न हलवता फोटो काढायला सांगा, आणि मगच दार तात्पुरतं बंद करून घ्या.

परत आल्यावर सगळ्यांचा कल सायकल आणि यंत्र लगेच नवं आणण्याकडे असतो. विम्याचे पैसे आलेले असतात, मुलं मागे लागलेली असतात. पण एकदा फुटलेलं शेड काही आठवड्यांत पुन्हा फुटण्याचा धोका जास्त असतो. चोराला वाट माहीत झालेली असते, आणि नवं सामान येणार हेही. तेव्हा आधी बिजागऱ्यांना बोल्ट घाला, कुजलेली फळी बदला, अलार्म लावा. नवी सायकल त्यानंतर आणा.